कार्नोबा वॅक्स हाताने लावताना: दुसरा थर कशासाठी आणि दहावा का नको

गाडीला कार्नोबा वॅक्सचे पाच-सहा थर दिले की वर जाडजूड कवच तयार होतं असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि मग लोक एका रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत घासत बसतात आणि अर्धा डबा संपवतात. तसं कवच काही तयार होत नाही. पण म्हणून दुसरा थर फुकट गेला असंही नाही, त्याचं काम वेगळंय, आणि ते काम काय हे एकदा कळलं ना की वॅक्स किती घ्यायचं, किती वेळ थांबायचं, पुसायचं कधी हे सगळं कुणाला विचारावं लागत नाही.

आधी हे कार्नोबा म्हणजे काय ते बघू. ताडाच्या कुळातलं एक झाड आहे, ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढतं, सेआरा, पियाउई, रिओ ग्रांदे दो नॉर्ते या राज्यांत. तिकडे वर्षातले कितीतरी महिने पाऊस नसतो आणि ऊन कडक, त्यामुळे पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड स्वतःच पानांवर मेण धरतं. कोरड्या दिवसांत पानं तोडतात, उन्हात वाळवतात, वाळली की मेणाची भुकटी सुटते, ती झोडपून गोळा करायची, वितळवायची, गाळायची. झाड मारावं लागत नाही, पुन्हा पानं येतात. काम मात्र फार कष्टाचं आहे आणि तिथल्या मजुरांना कसं वागवलं जातं यावर ब्राझीलमध्ये आणि बाहेरही गंभीर आरोप झालेत, डबा हातात घेताना ते माहीत असलेलं बरं. हे मेण आपण खातो पण बरं का, चकचकीत चॉकलेट-गोळ्यांवर, औषधाच्या टॅब्लेटवर ई-९०३ नावाने हेच असतं. बुटाच्या पॉलिशमध्ये असतं, लिपस्टिकमध्ये असतं. अमेरिकेतल्या एस. सी. जॉन्सन कंपनीचा धंदा फरशीच्या वॅक्सवर उभा होता आणि ते वॅक्स कार्नोबावर, तर १९३५ साली कंपनीचे प्रमुख हर्बर्ट जॉन्सन स्वतः पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणाऱ्या छोट्या विमानातून ब्राझीलला गेले, ही झाडं किती आहेत, आपल्याला पुरतील का हे बघायला. इतकं महत्त्व होतं या पानांवरच्या भुकटीला.

आता याच्यात खास काय, तर कडकपणा. नेहमीच्या वापरातल्या नैसर्गिक मेणांमध्ये हे सगळ्यात कडक. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६५ डिग्रीला वितळतं, कार्नोबाला ८२ ते ८६ डिग्री लागतात. पण याच कडकपणामुळे नुसतं कार्नोबा गाडीला लावताच येत नाही, त्याचे ठिसूळ तुकडे असतात, घासायला गेलात तर पसरायचं सोडाच, ओरखडे पडतील. म्हणून कंपन्या ते सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे मेण विरघळवणाऱ्या आणि नंतर उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवतात, त्यात तेलं घालतात, मधमाशीचं मेण किंवा कृत्रिम मेण मिसळतात आणि मग ती पेस्ट डब्यात भरतात. चांगल्या पेस्टमध्येसुद्धा कार्नोबा फार फार तर एक तृतीयांश असतं, स्वस्तातल्या डब्यात त्याहून पुष्कळच कमी. डब्यावर शंभर टक्के कार्नोबा लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ इतकाच की आत जे काही मेण आहे ते कार्नोबाचं आहे, अख्खा डबा मेणाचा आहे असं नाही. आणि काही जण तळहातावर घेऊन चोळतात, म्हणतात हाताच्या उबेनं कार्नोबा वितळतं. आपलं अंग ३७ डिग्री, ८२ कुठे! मऊ पडतात ती त्यातली तेलं आणि बाकीची मेणं. तळहाताने लावायला हरकत काहीच नाही, कुठे खरखर लागतेय ते हाताला लगेच कळतं हा फायदाच आहे, फक्त अंगठी-घड्याळ काढून ठेवा.

आता थरांचं गणित करू, अगदी शाळेतलं. हॅचबॅक गाडीचा रंगवलेला पत्रा साधारण १० चौरस मीटर धरा. त्यावर एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, इतक्या जाडीचा थर द्यायचा म्हटलं तर १० घनसेंटिमीटर मेण लागेल, म्हणजे दोन चहाचे चमचे. पातळ हात दिला तर एका वेळी साधारण १० ग्रॅम पेस्ट लागते, त्यातलं खरं मेण एक तृतीयांश, म्हणजे तीन-साडेतीन ग्रॅम. मग पुसायच्या आधीच थर झाला एक तृतीयांश मायक्रॉनचा, आणि त्यातलं बरंचसं आपण फडक्याने उचलून घेतो! तुमच्या डोक्याचा एक केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो ३५ ते ५० मायक्रॉन असतो. त्यामुळे दहा थर एकावर एक पूर्ण टिकले असं धरून चाललं तरी ती जाडी केसाच्या पासंगालाही पुरणार नाही. कवच म्हणतात ते हे.

आणि ते एकावर एक पूर्ण टिकतही नाहीत, कारण सॉल्व्हंट. पेस्टमधला जो द्रव मेणाला मऊ करतो तो खाली आधी बसलेल्या मेणालाही थोडंफार विरघळवणारच, त्याला काय माहीत हे मेण जुनं का नवं. दुसरा थर घासताना पहिल्यातला काही भाग परत पेस्टमध्ये येतो आणि फडक्यावर निघून जातो. मग दुसऱ्या थराचा उपयोग काय? तर सुटलेल्या जागा. हाताने लावताना आपला दाब सगळीकडे सारखा पडत नाही, बॉनेटच्या कडा, दाराच्या मुठीखालची खोबण, टपाचा मधला भाग जिथे हात पोचत नाही, तिथे वॅक्स कमी पडतं किंवा पडतच नाही आणि पडलंय का नाही हे डोळ्याला दिसतही नाही. अंगण सारवताना पहिला हात उभा आणि दुसरा आडवा देतात ना, राहिलेले पट्टे भरून निघावेत म्हणून, तेच इथे. दुसरा हात दिला की गाडीवर सगळीकडे एकसारखा लेप बसतो. क्वचित गडद रंगाच्या गाडीला तिसरा हात दिल्यावर थोडा फरक वाटतो. त्यापुढे वेळ आणि डबा दोन्ही वाया.

एक गोष्ट नीट बघून घ्या, कारण बहुतेक लोक इथे अडकतात. बाजारात वॅक्स म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळसं नुसतं वॅक्स नसतं, त्यात बारीक पॉलिशची पावडर किंवा मळ काढणारं रसायन घातलेलं असतं. वॅक्स पॉलिश, क्लीनर वॅक्स, एका घासात सगळं अशा नावांनी येतात. एकदाच लावायला ठीक आहेत ती, चकाकी पण येते. पण त्याचे थर होऊच शकत नाहीत, कारण दुसऱ्यांदा लावताना ते पहिल्यांदा लावलेलं घासून काढतं आणि मग नवीन ठेवतं, म्हणजे तुम्ही पाचदा लावा, शेवटी गाडीवर एकच थर. त्यामुळे थर द्यायचे असतील तर डब्याच्या मागचं बारीक अक्षरातलं वाचा, त्यात स्क्रॅच काढतो, डाग काढतो, फेड झालेला रंग उजळतो असं काही लिहिलं असेल तर ते थरांसाठी नाही.

तयारीवर मी थोडक्यात आटपणार नाही, कारण वॅक्स पारदर्शक आहे, खाली जे असेल तेच वर दिसणार. चकाकी मुळात येते गुळगुळीत पृष्ठभागातून, वॅक्स त्याच्यावर थोडी खोली आणि गडदपणा आणतं, काळ्या, लाल, मरून गाडीवर ते सुरेख दिसतं, पांढऱ्या किंवा सिल्व्हर गाडीवर डोळ्याला फारसं काही कळत नाही, हाताला कळतं. आधी भरपूर पाण्याने धूळ-चिखल उतरवायचा, मग गाडीचा शॅम्पू, भांड्याचा साबण नको. वरून खाली धुवत यायचं, टप, काचा, बॉनेट, दारं आणि सगळ्यात शेवटी खालची पट्टी, कारण सगळी वाळू खाली असते. मग ओल्या गाडीवर हात फिरवून बघा, हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घातली तर अजून चांगलं कळतं. धुतलेली गाडी असून खरखर लागते ना? ते रंगात रुतलेले कण असतात, ब्रेकच्या चकत्यांतून उडालेला लोखंडाचा चुरा, डांबर, झाडाचा चीक, कारखान्याचा धूर. शॅम्पूने ते निघत नाहीत. त्याला क्ले बार लागतो, म्हणजे एक चिवट मऊ लगदा, तो भरपूर साबणपाणी किंवा त्याचं लुब्रिकंट मारून हलक्या हाताने सरकवायचा, जोर अजिबात नाही, दोन-तीन बोटांचं वजन पुरे. खाली पडला तर सरळ फेकून द्या, त्याला चिकटलेली वाळू तुमच्या गाडीवर रेघा मारेल. क्लेने जुनं वॅक्स पण निघून जातं, त्यामुळे हे दर वेळी करायचं नाही, वर्षातून एकदा, फार तर दोनदा.

उन्हात बघितल्यावर जे गोल गोल जाळीसारखे ओरखडे दिसतात ते वॅक्सने जात नाहीत. तेलामुळे थोडे दबतात आणि दोन-चार धुण्यांत परत वर येतात. ते काढायला पॉलिश करावं लागतं आणि पॉलिश म्हणजे क्लिअर कोट थोडा थोडा घासून कमी करणं, जो आधीच ३५-५० मायक्रॉन आहे, म्हणून दर दिवाळीला गाडी रबिंगला देण्याची सवय मला पटत नाही. हे ओरखडे येतात कुठून, तर रोज सकाळी सोसायटीत एका बादलीत एकच फडकं पिळून पंधरा गाड्या पुसल्या जातात तिथून, आणि कोरडी धूळ झटकण्यातून. पुसणाऱ्या माणसाचा दोष नाही, त्याला तेवढंच पाणी आणि तेवढाच वेळ दिलेला असतो. आपण त्याला म्हणू शकतो की दादा रोज काचा तेवढ्या पुसा, बॉडीला हात लावू नका, आठवड्यातून एकदा पाण्याने धुवा, पैसे तेवढेच देतो. वॅक्स लावलेल्या गाडीसाठी याच्याइतकी चांगली गोष्ट नाही.

आता लावणं. गाडी सावलीत आणि पत्रा गार, हाताला गार लागला पाहिजे. गरम पत्र्यावर सॉल्व्हंट भराभर उडतो आणि वॅक्स जागच्या जागी सुकून चिकटतं, मग पुसताना दमछाक. आपल्याकडे यासाठी डिसेंबर-जानेवारीची सकाळ उत्तम, मे महिन्यात करायचंच असेल तर पहाटे किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये. स्पंजचा गोल पॅड मिळतो तो पेस्टवर एकदा, फार तर दीड फेरा फिरवायचा, खणून काढायचं नाही, पॅडवर वॅक्सचा गोळा दिसला तर ते जास्त झालं. तेवढ्यात अर्ध बॉनेट व्हायला हवं. लावल्यावर पत्र्यावर फक्त एक धुरकट छटा दिसली पाहिजे, पांढरा जाड लेप दिसला तर तो सगळा तुम्हालाच पुसायचाय आणि त्यातून जास्त काही राहणार नाही. गोल फिरवा किंवा सरळ फिरवा, पावडर नसलेल्या वॅक्सला त्याने फरक पडत नाही, मी सरळ रेषेत लावतो कारण कुठे झालं आणि कुठे राहिलं ते लक्षात राहतं. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, वायपरची जाळी, बंपरचा खडबडीत भाग यांना लागू देऊ नका, त्यात वॅक्स बसलं की पांढरे डाग पडतात आणि ते निघता निघत नाहीत, सरळ मास्किंग टेप लावून टाका. पुढच्या काचेला पण नको, रात्री पावसात वायपर फिरला की समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फरफटलेले दिसतात.

मग थांबायचं. किती मिनिटं हे डब्यावर लिहिलेलं असतं पण हवा प्रत्येक गावाची वेगळी, नाशिकला जानेवारीत पाच-सात मिनिटांत सुकेल ते रत्नागिरीत दमट हवेत वीस मिनिटं झाली तरी ओलं राहील. त्यामुळे घड्याळ न बघता बोट ओढून बघा. वॅक्सवरून हलकंच बोट ओढलं आणि खाली स्वच्छ चकचकीत रेघ दिसली तर पुसायला तयार, रेघ फासल्यासारखी झाली तर अजून वेळ आहे. पुसायला मायक्रोफायबरचं मऊ, लव असलेलं फडकं घ्या, चौपदरी घडी घाला म्हणजे आठ बाजू मिळतात, एक बाजू भरली की उलटायची. एकाने वॅक्स उचलायचं आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने शेवटचा हलका हात मारायचा. जुना बनियन, टॉवेल नको, शिवणीने रेघा पडतात. पुसून झालं की मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा, समोरून न दिसणारे पट्टे तिरक्या उजेडात लगेच दिसतात. नंतर ही फडकी घरातल्या कपड्यांपासून वेगळी, थोड्या लिक्विड साबणात धुवायची, कपडे मऊ करणारं लिक्विड घालायचं नाही, त्याने धागे बुळबुळीत होतात आणि फडकं काही उचलत नाही.

आणि दुसरा थर लगेच नाही. पुसल्यावर गाडी चकचकीत दिसली तरी आत सॉल्व्हंट शिल्लक असतो, तो उडून मेण कडक व्हायला वेळ लागतो, आणि ते कडक झालं नसेल तर दुसरा हात पहिल्याला जास्त विरघळवेल. किमान १२ तास, शक्य असेल तर पूर्ण २४ तास मध्ये जाऊ द्या. शनिवारी सकाळी पहिला, रविवारी सकाळी दुसरा, मधल्या काळात गाडी झाकलेल्या जागेत, धूळ बसली तर आधी पाण्याने नीट धुऊन कोरडी करा. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने आणि पहिल्यापेक्षाही पातळ. काही हौशी लोक दुसऱ्या हाताच्या वेळी पॅडवर किंवा पत्र्यावर अगदी गार पाण्याचा हलका फवारा मारतात, त्याने वॅक्स अजून पातळ पसरतं आणि पॅड सरकतो छान, करून बघायला हरकत नाही. पण चकाकी दुप्पट होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

थरांत वेगवेगळी मालं वापरायची असतील तर क्रम महत्त्वाचा. कृत्रिम सीलंट, म्हणजे मेणाऐवजी रसायनांपासून बनवलेला लेप, आधी, कारण त्याला स्वच्छ रंगाला धरून बसायचं असतं, त्याच्यावर कार्नोबा. उलटं केलं तर सीलंट मेणावर बसतो आणि मेण गेलं की तोही जातो. सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीवर कार्नोबा कशाला, ते कोटिंग पाणी जसं पळवतं तसं वॅक्स पळवत नाही, उलट झाकून टाकतं. आणि खरं सांगायचं तर टिकण्याच्या बाबतीत कार्नोबा या दोघांसमोर कमीच पडतं. झाकलेल्या पार्किंगमध्ये राहणारी गाडी असेल तर दीड-दोन महिने, दिवसभर उन्हात असेल तर महिना धरा. ज्याला वर्षातून एकदा करून मोकळं व्हायचंय त्याने कार्नोबाच्या वाटेला जाऊ नये. ज्याला महिन्या-दोन महिन्यांनी गाडीजवळ दोन तास घालवायला आवडतं त्याच्यासाठी हे आहे. जुनी पद्मिनी किंवा अॅम्बॅसेडर कुणी सांभाळून ठेवली असेल आणि तिचा रंग जुन्या पद्धतीचा, क्लिअर कोट नसलेला असेल, तर त्या रंगावर कार्नोबा जे रूप आणतं ते दुसऱ्या कशाने येत नाही असं माझं ठाम मत आहे.

वॅक्स करतं काय, तर स्वतः झिजतं आणि खालचा क्लिअर कोट वाचवतं. कावळ्या-कबुतरांची घाण, झाडाचा चीक, मेलेले किडे आधी त्याच्यावर बसतात, त्यामुळे तुम्हाला धुवायला थोडा जास्त वेळ मिळतो, दोन दिवस तसंच ठेवायची सूट मात्र मिळत नाही. कोकणात, गोव्यात खारी हवा बसते ती धुताना पटकन सुटते, पण गाडीच्या खालच्या बाजूच्या गंजाशी याचा काही संबंध नाही. दगड उडून टवका गेला तर ते वॅक्स थांबवणार नाही. उन्हापासून रंग वाचवायचं मुख्य काम क्लिअर कोटमध्येच घातलेली रसायनं करतात. आणि बोअरच्या पाण्याचं एक लक्षात ठेवा, वॅक्स असलं की पाण्याचे टपोरे थेंब होतात, ते उन्हात तसेच वाळले तर प्रत्येक थेंबाच्या जागी क्षाराचं गोल वर्तुळ उरतं, म्हणून धुतल्यावर गाडी लगेच कोरडी करायचीच.

दसऱ्याला पूजा करणार असाल तर दुसरा हात दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळपर्यंत पुरा करा. कुंकवाचं स्वस्तिक, हळद, झेंडूच्या माळेचा रंग हे वॅक्सवर बसलं तर संध्याकाळी भरपूर पाणी ओतून आणि शॅम्पूने हलक्या हाताने धुतल्यावर बहुतेक निघून जातं, कोरड्या फडक्याने मात्र चोळू नका, कुंकवाची पूड सगळीकडे फिरते.

मॅट रंगाच्या गाडीला हे लावायचं नाही, ठिकठिकाणी चमकायला लागते. नुकतंच डेंटिंग-पेंटिंग केलेल्या भागाला निदान महिनाभर थांबा, ताज्या रंगातले सॉल्व्हंट बाहेर पडू द्यावे लागतात, नेमकं किती ते रंग देणाऱ्यालाच विचारा कारण भट्टीत वाळवलाय की बाहेर यावर ते ठरतं. वॅक्स उतरलं का हे बघायचं असेल तर मळक्या गाडीवर पाणी टाकून ठरवू नका, धुळीवर थेंब नीट होतच नाहीत, आधी शॅम्पूने धुवा आणि मग बघा, थेंब गोल आणि घट्ट दिसले तर अजून आहे, पाणी पसरट चादरीसारखं चिकटून राहिलं तर गेलं. आणि काम झालं की डब्याचं झाकण गच्च लावून कपाटात ठेवा, गाडीच्या डिकीत नको, उन्हात सॉल्व्हंट उडून जातो, पेस्टला भेगा पडतात आणि मग ती पॅडवर येतच नाही. नीट ठेवलात तर २०० ग्रॅमचा डबा, एका वेळी १० ग्रॅम म्हणजे वीस हात, दोन-दोन हातांनी दहा वेळा पुरतो.